क्लाउडवर ठेवले म्हणजे बॅकअप झाला का?

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्राला 26 सप्टेंबर 2025 रोजी आग लागली. अखंड वीजपुरवठ्यासाठी बसवलेल्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना ती भडकली आणि पूर्ण विझायला जवळपास एक दिवस गेला. सहाशेहून अधिक सरकारी संगणक सेवा बंद पडल्या. त्यांतील बहुतेक पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. ‘जी-ड्राइव्ह’ मात्र परत आला नाही. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली रोजची कागदपत्रे ठेवावीत म्हणून उभारलेली ही साठवण सेवा होती. तिच्यासोबत सुमारे 858 टेराबाइट मजकूर कायमचा गेला. साठवणीचा आकार फार मोठा असल्याने तिची दुसरी प्रत बाहेर ठेवलेली नव्हती, असा खुलासा नंतर करण्यात आला.

या घटनेतील अधिक बोचरा भाग पुढेच आहे. कामाची कागदपत्रे स्वतःच्या संगणकावर न ठेवता जी-ड्राइव्हवरच ठेवावीत, अशी कर्मचाऱ्यांना सूचना होती. ज्या खात्याने ती काटेकोरपणे पाळली, त्याचीच हानी सर्वांत मोठी झाली. ज्यांनी शिस्त मोडून एखादी प्रत आपल्या टेबलावरच्या संगणकात राहू दिली होती, ते त्या मानाने सुटले.

ही बातमी एका राष्ट्राच्या कारभाराची असली, तरी तिच्यातील चूक अगदी घरगुती आहे. एक जागा सुरक्षित आहे असे ठरले, सारे काही तेथे नेऊन ठेवले, आणि त्या जागेलाच काही झाले तर काय, हा प्रश्न विचारायचा राहून गेला. गोव्यातल्या साध्या घरातही आज हेच चित्र दिसते. लग्नाची छायाचित्रे, फॉर्म 1 व 14 चे उतारे, जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाची प्रमाणपत्रे, दुकानाचे जीएसटीचे हिशेब, हौशी नाट्यमंडळाच्या संहिता असे सगळे एका लॅपटॉपमध्ये साठलेले असते. त्याची दुसरी प्रत कुठे आहे असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी उत्तर येते, “क्लाउडवर आहे ना!”

हे उत्तर आताच तपासून पाहण्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. ज्यांचे संगणक विंडोज 11 साठी चालत नाहीत, अशा घरगुती ग्राहकांना कंपनीने सुरक्षा अद्यतनांसाठी एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली. ती विनामूल्य मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे ‘विंडोज बॅकअप’ चालू करून संगणकातील सेटिंग्ज कंपनीच्या खात्याशी जोडणे. बटणावर ‘बॅकअप’ हा शब्द आहे, त्यामुळे ते दाबणाऱ्याची समजूत होते की संगणकातले सगळे आता सुरक्षित झाले. प्रत्यक्षात तेथे सेटिंग्ज, ॲपची यादी आणि वापरकर्त्याने परवानगी दिल्यास ठरावीक फोल्डर एवढेच जाते. हे फोल्डर वनड्राइव्हच्या ज्या जागेत जातात, ती विनामूल्य खात्यात 5 गिगाबाइटची असते. एका लग्नसमारंभाचे व्हिडिओ तेवढ्यात मावत नाहीत. डी ड्राइव्हमध्ये ‘पप्पांचे कागद’ नावाचा फोल्डर असेल, तर त्याची दखल ही व्यवस्था आपणहून घेत नाही.

घोळ मुळात दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव दिल्याने झाला आहे. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड किंवा ड्रॉपबॉक्स यांचे मुख्य काम समक्रमणाचे आहे. लॅपटॉपमध्ये जे आहे तेच फोनवर दिसावे आणि फोनमध्ये जे काढले ते लॅपटॉपवर यावे, यासाठी या सेवा घडवल्या गेल्या. त्या कामात त्या चोख आहेत. पण समक्रमणाचा अर्थ असाही होतो की एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. फोनमध्ये जागा करायची म्हणून कोणी जुनी छायाचित्रे उडवतो आणि काही क्षणांत ती गुगल फोटोजमधूनही जातात. कचरापेटीत ती ठरावीक दिवस राहतात खरी, मात्र मार्चमध्ये चुकून पुसलेल्या फाइलची आठवण गणेश चतुर्थीला झाली, तर तोवर ती पेटीही रिकामी झालेली असते. गुगलने 1 जून 2021 पासून छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण बंद केल्यावर 15 गिगाबाइटची मर्यादा सर्वांना जाणवू लागली. चार मेगाबाइटचे एक छायाचित्र धरले, तर त्यात पावणेचार हजारांच्या आसपास छायाचित्रे बसतात, आणि ही जागा ईमेललाही पुरवायची असते. जागा भरली की समक्रमण थांबते. सूचना येत राहतात, त्या बाजूला सारल्या जातात, आणि घरातल्यांची समजूत मात्र तशीच राहते.

खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या बाबतीत समक्रमण आणखी अडचणीचे ठरू शकते. रॅन्समवेअर संगणकातील फाइली कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. फाइल बदलली एवढेच समक्रमणाला कळते; ती मालकाने बदलली की चोराने, हे त्याला ओळखता येईलच असे नाही. कुलूपबंद झालेली आवृत्तीही मग क्लाउडवर जाऊन बसते. काही सेवा जुन्या आवृत्त्या ठेवतात, मात्र त्यांनाही दिवसांची मर्यादा असते.

गोव्याला हा अनुभव नवा नाही. जून 2022 मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, राज्याच्या जलसंपदा खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर असाच हल्ला झाला. नद्यांवरील केंद्रांतून येणारी माहिती ज्या सर्व्हरवर साठत होती, त्यातील फाइली कुलूपबंद झाल्या, बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली आणि खात्याला सायबर पोलिसांकडे जावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला तेव्हा बाह्यरुग्ण नोंदणीपासून सारे काम कित्येक दिवस कागदावर चालले. तरीही तेथील रुग्णनोंदी अखेर परत मिळाल्या, कारण हल्ल्याची झळ न लागलेला एक बॅकअप सर्व्हर शिल्लक होता. सरकारने तसे संसदेत सांगितले. हल्ला थोपवणे एम्सला जमले नाही. अलिप्त राहिलेल्या एका प्रतीने मात्र तिला सावरले.

प्रतीने अलिप्त राहिले पाहिजे, ही समज संगणकाहून कितीतरी जुनी आहे आणि तिचा एक पुरावा पणजीतच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत लिस्बन आणि गोवा यांच्यातील राजपत्रे एकाच जहाजाच्या भरवशावर पाठवली जात नसत. त्याच पत्राच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या जहाजांनी निघत आणि प्रतीवर ती कितवी ‘व्हिया’, म्हणजे कितव्या वाटेने निघालेली आहे, हे लिहिलेले असे. एखादे जहाज बुडाले वा डचांच्या हाती लागले, तरी मजकूर दुसऱ्या वाटेने पोहोचण्याची आशा राही. मान्सूनच्या वाऱ्यांवर येणाऱ्या त्या पत्रव्यवहाराचे खंड गोव्याच्या पुराभिलेखागारात आजही आहेत. त्या कारकुनांनी तिन्ही प्रती एकाच जहाजात घातल्या असत्या, तर प्रती तीन असूनही जोखीम एकाच प्रतीची राहिली असती.

आजच्या भाषेत हाच विचार 3-2-1 या नियमाने सांगितला जातो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाशी तो जोडलेला आहे. मूळ धरून तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. घरगुती बॅकअपचे जे अनेक मार्ग बाजारात सांगितले जातात, ते या कसोटीवर एकेक करून घासून पाहिले, तर त्यांचा वकूब लवकर कळतो.

सर्वांत जुना मार्ग म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. एक टेराबाइटच्या डिस्कवर सामान्य कुटुंबाचे वीस वर्षांचे कागद आणि छायाचित्रे सहज मावतात, दरमहा भाडे नाही, इंटरनेटची गरज नाही. अलीकडे एआय केंद्रांच्या प्रचंड मागणीमुळे मेमरी आणि साठवणीची साधने महागली आहेत, तरीही हा मार्ग परवडणारा आहे. त्याचा दोष यंत्रात कमी आणि माणसात जास्त. पहिल्या महिन्यात उत्साहाने प्रत काढली जाते, दुसऱ्या महिन्यात विसर पडतो, आणि डिस्क नेमकी लागते तेव्हा तिच्यात दीड वर्षापूर्वीचा संगणक असतो. दुसरी चूक उलट्या टोकाची आहे. विसर पडू नये म्हणून डिस्क कायम संगणकाला जोडूनच ठेवली जाते. मग पावसाळ्यात कडाडलेल्या विजेचा झटका लॅपटॉप आणि डिस्क या दोघांनाही एकाच वेळी बसतो, आणि रॅन्समवेअरलाही दोन्ही एकाच वेळी सापडतात. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवणे, एवढ्या साध्या कृतीने ती अलिप्त होते. पेन ड्राइव्ह मात्र या कामाचा नाही. तो ने-आण करण्यासाठी आहे. हरवतोही आणि अचानक बंदही पडतो. सीडी-डीव्हीडींवर भरवसा ठेवणाऱ्यांनी कोकणपट्टीच्या दमट हवेत त्यांवर चढणारी बुरशी पाहिलेली असेलच.

विसराळूपणावर उपाय विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ या नावाने आणि ॲपलच्या संगणकांत ‘टाइम मशीन’ या नावाने गेली अनेक वर्षे आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. डिस्क जोडली की या व्यवस्था बदललेल्या फाइली आपणहून उचलतात आणि जुनी आवृत्ती न पुसता नवी तिच्या शेजारी ठेवतात. शुक्रवारी नाटकाचा दुसरा अंक चुकून पुसला गेला, तर गुरुवारचा अंक मिळतो. साध्या नकलेत ही सोय नसते. तेथे नवी प्रत जुनीच्या डोक्यावर बसते आणि चूकही सोबत नेते.

याच्या पुढची पायरी म्हणजे पूर्ण डिस्कची प्रतिमा. यात फाइलींसोबत विंडोज, बसवलेली सॉफ्टवेअर, प्रिंटरच्या जोडण्या असे सारेच जसेच्या तसे उचलले जाते. डिस्क बंद पडली, तर नव्या डिस्कवर ती प्रतिमा उतरवून काही तासांत पूर्वीचाच संगणक उभा करता येतो. क्लोनझिलासारखे विनामूल्य साधन त्यासाठी आहे, पण ते नवख्यासाठी सोपे नाही. पहिली प्रत पूर्ण आणि पुढच्या फक्त बदलांच्या, अशी साखळी ठेवणारी सॉफ्टवेअर जागा वाचवतात. साखळीतली एक कडी बिघडली, तर मात्र तिच्या पुढच्या साऱ्या निकामी होतात. जो केवळ पत्रे लिहितो आणि छायाचित्रे साठवतो, त्याला प्रतिमेची फारशी गरज नाही. ज्याच्या संगणकावर दुकानाचे टॅली आहे किंवा छपाईची जुनी व्यवस्था आहे, त्याला ती हवी.

छपाईचा उल्लेख निघाला म्हणून मराठीपुरती एक गोष्ट विस्ताराने सांगायला हवी. संगणकावरच्या इंग्रजी सल्ल्यांत ती सापडत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीची सुमारे दोन दशके मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या व्यवस्थांत आणि त्यांच्या खास फाँटमध्ये टंकला गेला, पाने पेजमेकरमध्ये लागली. दिवाळी अंक, देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांची हस्तपुस्तके, नाटकांच्या संहिता, कवितासंग्रह हे सारे त्या रूपात आहे. त्या फाइलींचा बॅकअप कोणी निगुतीने ठेवला असला, तरी फाँट आणि सॉफ्टवेअर गेले की पडद्यावर उमटतात ती निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फाइल शाबूत आहे, एकही बाइट हरवलेला नाही, आणि तरी मजकूर वाचता येत नाही. अशा संग्रहाचा बॅकअप घेताना फाँटच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात, पानांच्या पीडीएफ काढाव्या लागतात, आणि जमेल तेवढा मजकूर परिवर्तकाच्या मदतीने युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे तपासावी लागतात. विंडोज 10 चा जुना संगणक मोडीत काढण्याची घाई ज्या मराठी छापखान्यात किंवा लेखकाच्या घरी चालू असेल, तेथे हे काम संगणक विकण्याआधी व्हायला हवे. ती जुनी सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालतीलच, याची खात्री नसते.

लग्नाची छायाचित्रे काढणारे व्यावसायिक अनेकदा दोन डिस्कांचे नेटवर्क साठवण यंत्र घेतात आणि एका डिस्कवरचे दुसरीवर आपोआप उमटते म्हणून निश्चिंत होतात. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, हे खरे. पण पुसलेली फाइल दोन्हींतून त्याच क्षणी जाते आणि दोन्ही डिस्का एकाच पेटीत, एकाच विजेवर असतात. पोर्तुगीज कारकुनाच्या हिशेबाने हे एकच जहाज.

समक्रमणाहून निराळी, खऱ्या अर्थाने बॅकअपसाठीच असलेली ऑनलाइन सेवाही मिळते. ती वर्षाचे शुल्क घेते, पार्श्वभूमीवर सगळा संगणक हळूहळू वर चढवते आणि पुसलेल्या फाइलीही काही काळ सांभाळते. घराबाहेरच्या प्रतीची अट ती आपसूक पूर्ण करते. अडचण वेगाची आहे. 20 एमबीपीएसच्या अपलोड वेगाने 500 गिगाबाइट चढवायला, वीज आणि जोडणी एकदाही न तुटता, साडेपंचावन्न तास लागतात. वाळपई किंवा सांगेच्या आतल्या गावांत तो वेग स्वप्नवत वाटेल. तेथे पहिली प्रत चढायला महिनाही लागू शकतो.

शिवाय एकाच कंपनीवरचा भरवसा किती ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गुगल क्लाउडवरील खाते कंपनीकडच्याच चुकीने पुसले गेले. निधीने दोन वेगळ्या भौगोलिक केंद्रांत प्रती ठेवल्या होत्या. खाते एकच असल्याने दोन्ही गेल्या. पाच लाखांहून अधिक सभासद कित्येक दिवस आपला जमाखर्च पाहू शकले नाहीत. सेवा परत उभी राहिली, त्यात दुसऱ्याच एका कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा वाटा मोठा होता. घरगुती ग्राहकाचे खाते तर त्याहून किरकोळ कारणाने बंद होऊ शकते. पासवर्ड विसरला, फोन नंबर बदलला, घरधनी वारला आणि खात्याची किल्ली कोणालाच ठाऊक नाही, एवढे पुरते.

किल्लीचा मुद्दा विंडोज 11 मुळे अधिक तातडीचा झाला आहे. पूर्वी लॅपटॉप बंद पडला, तर म्हापशाच्या वा मडगावच्या दुरुस्तीच्या दुकानात डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावत आणि फाइली हाती येत. अनेक घरांचा अघोषित बॅकअप म्हणजे तो दुकानदारच होता. आता नव्या संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची 48 अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. लॅपटॉप चोरीला गेला, तर हे कुलूप मालकाच्या बाजूचे. यंत्र बिघडले आणि खाते उघडता आले नाही, तर तेच कुलूप मालकाच्या विरुद्ध. दुकानदाराकडे त्याला उपाय नाही. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर पुसलेली फाइल मागाहून शोधून काढण्याची शक्यताही जुन्या हार्ड डिस्कच्या तुलनेत फार कमी असते. ती 48 अंकी किल्ली कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांसोबत ठेवणे जुनाट वाटेल, पण उपयोगी तेच आहे.

प्रत काढली, ती अलिप्त ठेवली, किल्लीही जपली. तरी ती उघडते का, हे पाहिल्याशिवाय तिला प्रत म्हणता येत नाही. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. गरज पडली तेव्हा कळले की त्यांतील एकही नीट चालत नव्हती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत योगायोगाने सापडली म्हणून नुकसान त्या सहा तासांपुरते राहिले. व्यावसायिकांची ही गत, तर घरी ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर उघडून पाहायला हरकत नसावी. सहा महिन्यांतून एकदा त्यातली दहा-बारा छायाचित्रे, एक हिशेबाची फाइल आणि एक व्हिडिओ दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे, हे पंधरा मिनिटांचे काम आहे. 31 मार्च हा दिवस जगभर बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आर्थिक वर्ष त्याच दिवशी संपत असल्याने आपल्याकडच्या व्यापाऱ्याला तो लक्षात ठेवायला सोपा.

घराबाहेरच्या प्रतीविषयी अजून अनेकांना ते अतीच वाटते. 23 जुलै 2021 रोजी सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. अशा वेळी लॅपटॉप टेबलावर आणि डिस्क शेजारच्या कपाटात असली, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. महाग ऑनलाइन सेवा ज्यांना नको, त्यांच्यासाठी दोन डिस्कांची अदलाबदल हा मार्ग आहे. एक घरी, दुसरी फोंड्याच्या बहिणीकडे किंवा बेळगावच्या मामांकडे. चतुर्थीला आणि शिगम्याला जाणे-येणे होतेच, तेव्हा डिस्का बदलायच्या. डिस्क पासवर्डने कुलूपबंद केलेली असली, म्हणजे कागद परक्या कपाटात असल्याची धास्तीही राहत नाही.

विंडोज 10 ची मुदतवाढ ऑक्टोबर 2026 मध्ये संपते. त्याच्या आगेमागे अनेक घरांतून जुने संगणक विकले जातील किंवा भंगारात जातील. ते देण्यापूर्वी त्यातली हार्ड डिस्क काढून घेणे दुरुस्ती करणाऱ्यासाठी दहा मिनिटांचे काम असते, आणि थोड्या पैशांत मिळणाऱ्या कव्हरमध्ये ती बसवली की तिचीच बाहेरून जोडायची डिस्क होते. नव्या यंत्रावर सारे उतरवून, उघडून, तपासून होईपर्यंत ती पुसू नये. पुढेही, तारखेची चिठ्ठी लावून, ती काही वर्षे कपाटात राहू द्यायला हरकत नाही.